हिरवा डोळा

भट्टीच्या आधी पोचायचं, एवढंच गणित.
जालन्यात लोखंड फार वेळ एका रूपात राहत नाही:
सकाळी ढीग, दुपारी रस, संध्याकाळी सळई.
म्हणून काटा सुरू व्हायच्या आत
मी रज्जाकभाईच्या आवारात उकिडवा, हातात बॅटरी,
कडबाकुट्टीची पाती, पत्रे, सायकलींचे सांगाडे उपसत,
सहा खोबणींची एखादी चॅसी दिसते का बघत.
तो किलोनं देतो.
"लोहे का भाव बत्तीस, मास्टर.
आवाज का अलग नै लगाता मैं."

ह्या खेपेला पाहिजे होता डोळा.
व्हॉल्व्हच तो, पण बघणारा.
स्टेशन नीट लागलं की हिरवी पापणी मिटत येते,
सुटलं की उघडते.

रेडिओ मोंढ्यातल्या हमालांचा.
चौसष्ट साली बावीस जणांनी वर्गणी काढून घेतलेला,
पाठीवरच्या पोत्याची किंमत काय
हे संध्याकाळी तरी कळावं म्हणून.
लायसनच्या पुस्तकावर पोस्टाचे शिक्के,
मालकाच्या रकान्यात: हमाल मंडळ, जुना मोंढा.
बाविसांतला उरलेला विश्वंभर घायाळ, वय ब्याऐंशी,
खांद्यावर घेऊन आला.
"टेशनातून ह्याला आमीच आणलं व्हतं, पाळीपाळीनं.
ह्या एका वझ्याची हमाली कुणी घेतली न्हाई."

बाकीचं जमत गेलं.
डायलला चपला शिवायचा मेणवलेला दोरा चालला.
ट्रान्सफॉर्मर शबानानं भरला,
विहिरीवरच्या मोटारी भरते ती.
केसाएवढी तार, तीन हजार वेढे,
दर शंभराला टेबलावर एक काडी.
एकोणतीस काड्या झाल्या आणि तार तुटली,
तेव्हा तिनं जे शब्द वापरले
ते कुठल्याच बँडवर लागायचे नाहीत.

डोळा मात्र नाही.
नांदेडला एक मिळाला, आंधळा.
हैदराबादला कोठीत एकानं भाव सांगितला,
मी चहा पिऊन रात्रीच्या गाडीनं परत.
चौदा महिने.
घायाळ दर अमावास्येला यायचा, मोंढा बंद असतो तेव्हा.
विचारायचा काही नाही.
पायरीवर बसून एक बिडी संपवायचा.

मग कळलं, मंठ्याला लिंबाजी मिस्त्री आहे,
दुकान मोडून आता मोबाईलला काचा बसवतो.
त्यानं आतून जिऱ्याची बरणी आणली.
जिऱ्यात पुरलेला, कापसात गुंडाळलेला,
कोरा.
"माह्या सोताच्या सेटसाठी ठिवला व्हता."
"मग सेट?"
"पोरानं इकला. मी दवाखान्यात व्हतो."
कुठं विकला, हे मी विचारलं नाही.
जालन्याचा माणूस हे विचारत नाही.
पैसे त्यानं दोनदा मोजले,
आणि कापसाला चिकटलेलं जिरं
एकेक दाणा काढून बरणीत परत टाकलं.

शुक्रवारी लावला.
आधी काहीच नाही. मग तापल्या धुळीचा वास.
मग काचेत शेवाळासारखं हिरवं.
हमालांच्या जुन्या काट्यावर बाजारभाव नव्हते,
खरखर होती,
आणि खरखरीच्या पलीकडं एक बाई
तेलुगूत काहीतरी वाचून दाखवत होती, सावकाश.
समोरच्या शेडमध्ये वेल्डिंग पेटलं की
डोळा दचकायचा.
घायाळनं खोक्यावर तळवा ठेवला,
पोतं उचलायच्या आधी ठेवतात तसा,
आणि उचललं नाही.
"चालू झाला," मी म्हणालो.
"दिसायलंय की."

मजुरी साडेनऊशे सांगितली. दिली त्यानं.
मग उभाच राहिला.
"पावती?"
"कुणाच्या नावानं करू?"
त्यानं लायसनचं पुस्तक
माझ्यापुढं सरकवलं.