बेलवाडीचा वेढा, जेवणाच्या टेबलावर

खानापूरच्या मातीचे सैनिक,
बोटाच्या पेराएवढे. भाजताना नऊ फुटले.
पोत्याखाली उशी, ती टेकडी.
काड्यापेट्यांची गढी.
बाबा मराठे. आई बैलहोंगलची,
न विचारताच गढीमागे खुर्ची ओढून बसली.
मी मध्ये, फुटपट्टी घेऊन:
घोडा आठ इंच, पायदळ चार.

सत्तावीस दिवसांचा वेढा
सत्तावीस डावांत उरकायचा.

बाराव्या डावाला आईला सहा पडले.
"आरू!" ओरडली.
एरवी वाण्याचा हिशेबसुद्धा मराठीत करते.
बाबांनी तीन घोडे आडवे केले, निमूट.

मग कुकरची शिट्टी.
टेबल पुसायला हवं.
ज्यांच्यावरून सगळं पेटलं
ते दोन बैल मिठाच्या वाटीशी उभे.
कुणाचे, ते वहीत लिहायचं राहिलं.