रविवारी, खुर्च्या रिकाम्या असताना

टोलेडो, ओहायो. मार्च संपत आला तरी
मॉमी नदीवरचा वारा कानाच्या पाळ्या चिमटतो.
खाली एके काळी बोलिंगचा अड्डा होता,
आता डायलिसिसच्या बारा खुर्च्या आहेत.
वर सपाट छपरावर
क्रेनने ठेवलेला करड्या पत्र्याचा खोका.
उन्हाळ्यात गारवा यानेच द्यायचा, थंडीत ऊबही यानेच.
अजून त्याला काहीच येत नाही.

अर्ल प्रझिबिल्स्की माझा उस्ताद.
त्याचं आडनाव जिभेवर बसायला मला दोन महिने लागले,
माझं हळदणकर त्याने कधीच सोडून दिलंय.
छपराच्या झडपेतून डोकं काढताच तो म्हणतो,
काठापासून लांब. आणि कुलूप कुठाय?

माझं कुलूप लाल.
त्यावर नेलपॉलिशने मराठीत लिहिलंय, चारुशीला.
मुख्य खटका खाली ओढायचा, कुलूप अडकवायचं,
किल्ली खिशात.
आता खाली कुणी कितीही कुडकुडो,
वीज सोडायची तर आधी मला शोधावं लागेल.
बेचाळीस वर्षांत
एकटीच्या मालकीची एवढी एकच किल्ली.

मग मीटर. आधी चालू तारेवर,
ते खरं बोलतंय का बघायला.
मग बंद तारेवर. मग पुन्हा चालू.
मेली म्हणून दुसऱ्याने सांगितलेली तार
आपण मेली म्हणायची नाही.
अर्लच्या व्हॅनच्या आरशाला एक जुनं कुलूप लटकतं,
त्यावरचं नाव अर्लचं नाही.
मी अजून विचारलेलं नाही.

प्रवासापुरते लावलेले बोल्ट काढले,
नऊ. यादीत दहा होते.
दहावा सापडेपर्यंत अर्ल कॉफीला हात लावत नाही.

आणि मग शनिवारी संध्याकाळी वीज दिली,
पण सुरू काहीच केलं नाही.
कॉम्प्रेसरच्या पोटाशी एक छोटा हीटर असतो,
तेलात मुरलेला वायू तो रात्रभर हळूहळू उडवतो.
लोणचं मुरायला थांबणं मला माहीत होतं.
इथे मुरलेलं सुटायला थांबायचं.
पूर्ण एक दिवस. अर्ल घड्याळ बघतो, मी आभाळ.

रविवारी दुपारी आधी फक्त पंखा,
एक टिचकी, लगेच बंद.
पत्र्यावर बाण एकीकडे, पंखा भलतीकडे.
तीन तारांतल्या दोन उलट बसल्या होत्या, माझ्याच हातून.
उलटा कॉम्प्रेसर किंचाळतो म्हणे,
तो आवाज मी ऐकला नाही, ऐकायचाही नाही.
पुन्हा खटका, पुन्हा कुलूप, पुन्हा मीटर,
मग तारांची अदलाबदल.
अर्ल काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पंखा सुलटा, मग गारवा, गेजचे काटे जागेवर.
राहिला गॅस.
साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर.
चौथ्या जोडावर साबुदाण्याएवढा फुगा,
फुटला, पुन्हा आला.
पाना, पाव फेरी. पुन्हा साबण.
या वेळी नुसतंच ओलं.

बाजूला उभी राहा, तोंड दारासमोर नको.
टक टक टक. नाही पेटला.
नळीत अजून हवा आहे.
पुन्हा बटण दाबायला बोट शिवशिवतं,
अर्ल माझं मनगट धरतो:
न पेटलेलं आधी वाऱ्यावर जाऊ दे.
पाच मिनिटं. नदीवर एक लांबलचक मालवाहू जहाज
पुलाखालून अर्धंच गेलं होतं.
टक. टक.
आणि निळं, एका ओळीत, शेवटपर्यंत.

खाली गेले तेव्हा नव्या पत्र्याचा तेलकट वास सुटला होता,
तो पहिल्या दिवशी येतोच, नर्सला सांगून ठेवलं होतं.
बारा खुर्च्या, बारा घड्या घातलेली पांघरुणं.
सात नंबरवर कुणीतरी लोकरीची टोपी विसरलंय.
अर्ल वरून ओरडतो, किती?
त्याला अंश हवेत, थर्मामीटर माझ्या हातात आहे.
मी म्हणते, थांब जरा,
टोपीचा गोंडा हलतोय.