एकाहत्तर

चंद्र उतरणीला लागल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत
आणि वारा उत्तरेचाच हवा.
तीन दिवस दुइलिओ खिडकीशी बसून होता,
हवेचा दाब दाखवणाऱ्या जुन्या तबकडीवर नख वाजवत.
आज सकाळी म्हणाला, चल.
आणि काठी टेकत माझ्या आधीच
तळघराच्या पायऱ्या उतरू लागला.
मागून त्याचा स्वेटर मी मुठीत धरलेला.

चोपन्न लिटरचा बुधला,
वेताच्या टोपलीत गळ्यापर्यंत बुडालेला.
"हलवू नकोस, गाळ झोपलाय."
मी अजून हातही लावला नव्हता.

बाटल्या कालच धुतल्या.
कुठून कुठून जमवलेल्या: लग्नाच्या हॉलमधल्या,
पाद्र्याच्या, शेजारच्या नोएमीच्या.
एकीवर दुसऱ्याच कुठल्या गावाचं नाव,
कढत पाण्यानेही न सुटलेलं.
खरवडलं थोडं, मग राहू दिलं.

नळी ओढायची वेळ आली तेव्हा तो खोकला.
डॉक्टरने त्याला पाणीसुद्धा दाट करून प्यायला सांगितलंय.
ती पूड मीच ढवळते, दिवसातून सहा वेळा.
त्याने नळीचं टोक सदऱ्याला पुसलं
आणि माझ्यापुढे धरलं.

या फ्रिउलीत कोणाला ठाऊक नाही
की नऊ वर्षं मी थेंबालाही शिवलेली नाही.
आमच्याकडे, मोल्दोवात, वाइन बाटलीत जातच नाही.
पिंपातून सुरईत, सुरईतून पेल्यात,
पेल्यातून नवऱ्यात.
तिथून पुढे कुठे जाते
ते भिंतींना विचारा.

ओढली.
आधी नुसती हवा, रबराची चव,
मग एकदम तोंडभर
थंड, आंबट, जांभळं.
"थुंक नाहीतर गीळ," दुइलिओ ओरडला,
"पण नळी वर उचलू नकोस!"

गिळलं.
उभी राहिले, काहीतरी होईल म्हणून.
द्राक्षंच होती ती.
सप्टेंबरात मीच तोडलेली, विहिरीकडच्या ओळीतली,
जिथे कात्री अंगठ्याला लागली होती.

मग बाटलीमागून बाटली,
बुचासाठी दोन बोटं जागा सोडून.
बूच दाबायच्या दांड्याला मी दोन्ही हातांनी लोंबकळायची
आणि तो मोजायचा, त्याच्या घरच्या भाषेत,
जी धड इटालियनही नाही;
चाळिसाशी अडखळायचा,
पुन्हा पस्तिसावर जायचा.

चोपन्न लिटरच्या बहात्तर व्हायला हव्या होत्या.
एकाहत्तर झाल्या. नळी गुरगुरली,
तळाशी तांबडा चिखल.
"एक तुझ्या पोटात गेली," तो म्हणाला,
आणि हसता हसता इतका खोकला
की मी त्याला पिंपावर बसवलं, पाठ चोळली.

दम लागलेलाच होता तरी त्याने
खडूने फळीवर साल लिहिलं.
तीन वर्षं हात लावायचा नाही, म्हणाला.
माझं कंत्राट ऑक्टोबरपर्यंत आहे.
त्याला ते माहीत आहे, सही त्याचीच.
मग खालच्या ओळीतल्या सहा बाटल्या
काठीने बाजूला सरकवल्या,
त्यांच्यापुढे माझं नाव लिहिलं, अग्लाया,
त्यातलं एक अक्षर चुकवून.

गाळ वेलींच्या मुळाशी ओतला. बुधला पालथा घातला.

रात्री त्याच्या पाण्यात पूड ढवळताना
जिभेवर ते आंबट अजून होतं.
विचारलं, यात चमचाभर वाइन घालू?
त्याने डोळे उघडले.
"कुठल्या सालची?"