सातवा चिमटा

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
मी सातवा चिमटा घासत होतो.
सहावा हत्तुरे मॅडमनी परत पाठवलेला,
सोबत चिठ्ठी:
विसाव्या डोळ्यापाशी अंगठा भरून येतो,
स्प्रिंग हट्टी आहे.

पहिल्यात तीन स्क्रू होते, एक खटका.
मला त्याचा केवढा तोरा!
त्या म्हणाल्या, देखणा आहे, मल्लेशम,
पण हा मलाच धरून बसतो.

मग एकेक काढत गेलो.
उरली टायटॅनियमची एकच पट्टी, मधून वाकवलेली.
टोकं मिटली की भिंगाखाली
मधून उजेड दिसता कामा नये.

नान्ना मागावर तुटला धागा जोडायचे
न बघता, चिमटीत थुंकीचा ओलावा घेऊन.
चादरीत ती गाठ कुणाला सापडायची नाही.
कुठल्या कॅलिपरवर हे माप नाही.
मी चिमटा कानाशी मिटून ऐकतो.

गुरुवारी टेबलावर विडी घरकुलच्या पोचव्वा.
मी काचेबाहेर.
अकरा मिनिटं.
मॅडम आल्या, अंगठा हलवून पाहिला,
म्हणाल्या, डावं टोक जरा लांब आहे.

जरा म्हणजे किती?
त्यांनी दोन बोटं जवळ आणली,
मिटली नाहीत.

ती फट डोळ्यात धरून
मी बसने शेडवर आलो.