दोन लहान, एक लांब

सातवी ब. चौथा तास. समुद्रकिनारे आणि दीपगृहे.
बाहेर मार्चातच चाळीसवर गेलेलं ऊन,
वर पंख्याचं एक पातं वाकडं.
शेवटच्या बाकावरून अल्तमश बागवान :
"सर, इथनं समुद्र किती लांब?"
मी नकाशावर पट्टी टेकवली.
पावणेतीनशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री.
"मग दिवा आपल्याला कशाला?"

वर्ग हसला. मीही.
खिडकीतून गिरणीची बंद चिमणी दिसते.
तिच्याकडे बोट दाखवून
"हेच आपलं दीपगृह" म्हणायचा मोह झाला.
म्हटलं नाही. मुलांना असलं लगेच कळतं.

खरं सांगायचं तर मी दीपगृह एकदाच पाहिलंय,
तेही भर दुपारी.
दाराला कुलूप, सावलीत एक बकरी.
बकरीचं सांगितलं नाही.
सांगितलं ते हे :
आधी टेकडीवर लाकडं पेटवायचे,
मग तेल आलं, वात आली,
मग माणसाहून उंच भिंगं,
पाऱ्यावर तरंगणारी,
बोटानं ढकलली तरी फिरणारी.
मनोऱ्याच्या पोटातून वजन हळूहळू उतरायचं,
आणि रखवालदार रात्रीतून उठून उठून
चावी द्यायचा.
पाऱ्याच्या वाफेनं कुणाकुणाचं डोकं फिरायचं.
तेवढ्यावर जांभया थांबल्या.
"फिरायचं म्हणजे कसं, सर?"

मग म्हणालो, प्रत्येक दिव्याची चाल वेगळी.
एक पाच सेकंदांनी एकदाच उघडतो,
दुसरा लागोपाठ दोनदा, मग मोठा काळोख.
खलाशी उजेड बघतो,
पण मोजतो तो अंधार.
त्यावरून कळतं, कुठल्या गावापाशी आलो.

"मागासारखं,"
श्रीनिधी येमूल म्हणाली.
जूनपासून हजेरीखेरीज न बोललेली.
"आमच्या बोळात बारा माग हैत.
डोळे मिटून सांगते कुठला कुणाचा.
चिलवेरींचा अडखळतो,
आमचा तिसऱ्या ठोक्याला खोकतो.
रात्री तो थांबला
की आईला जाग येते."

पंख्याचं वाकडं पातं तेवढं वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून काढले
आजोबांच्या जकार्डचे पुठ्ठे,
भोकाभोकांचे, कडा उंदरांनी खाल्लेल्या,
एकमेकांना दोऱ्यानं ओवलेले.
खिडक्यांवर टॉवेल टांगले,
ज्याच्या घरचे डाग पडलेले, नाकारलेले, त्यानं आणलेले.
माझ्या मोबाईलच्या बॅटरीपुढून
ती पुठ्ठे ओढू लागली.
फळ्यावर ठिपके आले, गेले,
आले, बराच वेळ आलेच नाहीत, आले.
"चादरीवर हा मोर होतो, सर.
इथं काय होतो, काय की."

दार उघडलं. बिराजदार हेडसर.
"काय करलालाव हो?"
आतून पंचेचाळीस आवाज :
"दार लावा सर, जहाज येऊलालंय!"
आणि सरांनी लावलं.
आतून.

त्या आठवड्यात ज्यानं त्यानं आपली चाल ठरवली.
मी वहीत उतरवून घेतल्या.
कुणी नावातल्या अक्षरांवरून, कुणी शिट्टीवरून,
एकानं नुसताच अंधार मागितला.
त्याला नाही म्हणालो, आता वाटतं,
द्यायला हवा होता.

शनिवारी रात्री लाईट गेली.
गच्चीवर गेलो तर सगळं पूर्वभाग काळं,
माग गप्प,
म्हणजे बोळाबोळांतून आया जाग्या.
आणि लांब, एका पाण्याच्या टाकीवरून,
दोन लहान, एक लांब.
थांबून पुन्हा
दोन लहान, एक लांब.
वही उघडायची गरज नव्हती.

सोमवारी विचारलं.
अल्तमश म्हणाला,
"अब्बा केळीची गाडी घेऊन येतात पहाटं,
हैदराबाद रोडनं."
त्यांना सांगितलंस का, तो दिवा तुझा म्हणून?
"नाही सर.
बघू ना, ओळखतात का."