कॉन्ट्रास्टनंतर

साकोलीच्या पुढं, हायवेला लागून,
धानाच्या बांध्या बुजवून उभं केलेलं आमचं सेंटर.
मशीनच्या खोलीत बारमाही थंडी,
बाहेर मे महिना पत्र्यावर तडतडतो.

तुळाराम नान्हे, वय एकसष्ट, धंदा मासेमारी.
अंगावर लोखंड आहे का, विचारलं
तर म्हणाले, "नाई पोरी,
गळ घरीच ठेवून आलो."

शीर एका खेपेत सापडली. औषध गेलं.
डाव्या कपाळामागं एक कडं उजळलं,
रात्री बोडीच्या काठावर
बॅटरीच्या झोतात बेडकाचा डोळा उजळावा तसं.

मग नागपूरहून फोन:
मॅडम, स्पेक्ट्रोस्कोपीपण घेऊन टाका.
आता? औषध गेल्यावर?
आताच. हा पेशंट पुन्हा कुठला येतो.

चित्रात सगळं पाणीच बोलत असतं.
इथं पाण्यालाच गप्प करायचं,
अख्ख्या बोडीला,
तेव्हा कुठं तळातले ऐकू येतात,
पाण्याहून हजारो पटींनी हळू बोलणारे:
एनएए, मेंदूच्या पेशी अजून जागेवर आहेत असं सांगणारं,
क्रिएटिन, ज्याच्याशेजारी उभं करून
मी बाकीच्यांची उंची बघते,
आणि कोलीन.
ते फार वर गेलं की मी खुर्चीत सावरून बसते.

कोलीन आलं.
शेंडा बसका, कडा पसरट.
आजारच तेवढा आहे म्हणून,
की मीच दहा मिनिटांपूर्वी टोचलेल्या औषधानं
त्याचा आवाज दाबला?
कुणी लिहितं दहा टक्के, कुणी पंधरा,
कुणी म्हणतं काही फरक पडत नाही.
गॅडोलिनियम घर दाखवतं
आणि घरातल्याच्या तोंडावर हात ठेवतं,
पूर्ण नाही, थोडासा.

मी हे बाबांना कशाला सांगितलं, माहीत नाही.
ते कानातला कापूस काढत होते.
"हिंगणबेट ठेचून डबक्यात टाकलं
का मासोऱ्या वरतं येतेत, सप्पा दिसतेत.
पर त्या दिवशी डबक्याले
तब्येत इचारू नये."

त्यांची लेक पुस्तकला
डब्याची पिशवी छातीशी धरून उभी.
"कमी आलं म्हणजे चांगलंच ना, मॅडम?"

रिपोर्टात शेरा लिहायला एकच ओळ असते.
लिहिलं: स्पेक्ट्रम कॉन्ट्रास्टनंतर घेतला,
कोलीन प्रत्यक्षाहून कमी दिसत असण्याची शक्यता.
तिला म्हटलं, आज चांगलं म्हणत नाही,
वाईटही म्हणत नाही.
गुरुवारी सकाळी या. सुई नाही, पैसे नाही.
आधी नुसतं ऐकू.

"गुरुवारी बाजार रायते," बाबा म्हणाले,
"शुक्रवारी येतो."
दारातून परत वळले:
"पर पोरी, थे मशीन माझं का आयकत होती?
मी तं काईच बोललो नाई."