दोनच उघडतात

लॅपटॉप चार जीबीचा, वडशाहून जुना घेतलेला.
एका वेळी दोनच सिंथ उघडतात त्यात.
तिसरा उघडला की आवाज फाटतो
आणि पंखा मळणीयंत्रासारखा घुमू लागतो.
म्हणून दर अंकाआधी ठरवावं लागतं
कोणाला घ्यायचं, कोणाला बसवून ठेवायचं.

एक आहे जाडा, जुन्या धाटणीचा. फुकटचा.
त्याच्या खर्जावर खलनायकाची एन्ट्री चांगली होते,
फिल्टर हळूहळू उघडत नेला की
माणसाआधी त्याची सावली दारात येते.
दुसरा घंटावाला. देवळाची, शाळेची,
सायकलचीसुद्धा वाजवतो. पण त्याच्याकडे
बासरी मागितली तर पितळेची देतो.
तिसरा विकतचा. मी ट्रायलवर चालवतो.
धुक्यासारखे सूर त्याच्यात, लांबच लांब,
आणि दर पंचेचाळीस सेकंदांनी तो गप्प होतो.
मागल्या मंडईत वैजयंता विष पिता पिता
त्याची वेळ भरली.
ती थांबली, मान उचलली, आणि त्याच शांततेत प्याली.
टाळ्या पडल्या. मी कोणाला सांगितलं नाही.

चिरकुटा मास्तरांचा आर्गन माझ्या डाव्या हाताला.
पायाखाली भाता, गालात खर्रा.
"किती आवाज हायेत तुह्या डब्यात?"
चार हजार, म्हटलं.
"अन् वापरतो किती?"
मी केबल सोडवत बसलो.

तिसऱ्या अंकात वाघ.
दुधराम म्हणाला, डरकाळी पाहिजे, मंडप हादरला पाहिजे.
दुपारभर जाड्याला पिळलं,
गोंगाट मिसळला, कटऑफ खाली ओढला,
पंख्यासमोर माझाच खोकला रेकॉर्ड करून तोही घातला.
तालमीत चहावाल्याचा पोरगा हसला.

या पट्ट्यात वाघ खोटा करता येत नाही.
समोर जी बाई चटई टाकून बसणार आहे
ती मोहफुलं वेचताना दहा हातांवरून
त्याला बघून परत आलेली आहे,
आणि ती सांगते, तो काहीच बोलला नाही.

मग घंटावाला घेतला.
एकच साधी लहर. अटॅक शून्य,
सूर वर उडवला, लगेच पाडला.
चितळ.
एकदा. थांबलो.
पुन्हा एकदा, जरा डावीकडून.

प्रयोगाच्या रात्री मास्तरांनी भाता थांबवला.
मागच्या माणसांनी माना वळवल्या,
रंगमंचाकडे नाही, धानाच्या बांधीकडे.
दोन-तीन टॉर्च लागले.
कोणीतरी पोराला शालीत ओढलं.
दुधराम विंगेत हातवारे करत राहिला:
डरकाळी, डरकाळी!
जाडा त्या रात्री उघडलाच नव्हता मी.

साडेचारला सामान टेम्पोत गेलं.
आम्ही दोघं बोडीच्या पाळीवरून पायी.
पलीकडून, पळसाच्या अंगाने, आला.
एकदा. मग लगेच दुसरा.
मास्तरांनी माझी बखोट धरली, खर्रा थुंकला,
काठीने जमीन वाजवली.
मी उभाच. माझ्यापेक्षा भरीव होता तो,
आणि त्याची शेपटी पाण्यावर घासत
अलीकडच्या काठाला येऊन विझली.
"काहून थांबला बे, चाल ना!"
रिलीज, म्हटलं. रिलीज कमी ठेवला होता मी.
"का?"
काही नाही, म्हटलं. चला.